शिबिरांचा खर्च आणि कार्यकर्त्याचे वेतन

मे महिन्यात विदर्भाचा पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकू लागला की शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. नेमक्या याच दिवसांत या भागातील हजारो मुले आणि तरुण घर सोडून कोठल्या ना कोठल्या निवासी शिबिरात दाखल होतात. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातील सोमनाथ येथे महारोगी सेवा समितीची श्रमसंस्कार छावणी भरते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने चालणारी श्री गुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरे गावोगावी लागतात. बौद्ध विहारांतून श्रामणेर शिबिरे होतात आणि नागपुरात रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा वर्ग चालू असतो. विचारांची तोंडे चार दिशांना असली, तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्यास या सर्वांपुढील प्रश्न एकच दिसतो. शिबिराचे सात किंवा पंचवीस दिवस पार पाडणे फारसे कठीण नसते. पुढचे अकरा महिने ते जिवंत कोणी ठेवावयाचे आणि तसे ठेवणाऱ्याचा चरितार्थ कशावर चालावयाचा, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. शिबिराच्या समारोपाला पाहुणे येतात, मुलांच्या शिस्तीचे कौतुक होते, देणगीदारांचा श्रीफळ देऊन सत्कार होतो. त्या देणग्या कशासाठी मिळालेल्या असतात ते मात्र पाहण्यासारखे असते. कोणी एका दिवसाचे भोजन दिलेले असते, कोणी मंडप, कोणी सभागृहाची फरशी. व्यवस्थापकाचे वर्षाचे वेतन कोणी दिल्याचे फलक अद्याप कोठे लागलेले नाहीत. फरशीवर नाव कोरता येते, माणसावर कोरता येत नाही, एवढे एकच कारण यामागे नसावे. सेवा करणाऱ्याने वेतन घेऊ नये, घेतले तर ती सेवा राहत नाही, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी समजूत आहे आणि खुद्द संस्थांनीही ती जोपासली आहे. परिणामी शिबिराला पैसा मिळतो आणि शिबिर चालवणारा माणूस मिळत नाही; मिळाला तर टिकत नाही.

सोमनाथचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये तेथे पहिली छावणी भरवली, तेव्हा त्यांच्यासमोर श्रमिक विद्यापीठाची कल्पना होती. पुस्तकी शिक्षण घेतलेल्या तरुणाने कुदळ-फावडे हाती धरावे, बरे झालेल्या कुष्ठरुग्णांनी कसलेल्या शेतात त्यांच्या बरोबरीने घाम गाळावा आणि दुपारनंतर देशाच्या प्रश्नांवर वाद घालावा, अशी ती आखणी होती. मे महिन्याच्या मध्यावर भरणाऱ्या या छावणीने महाराष्ट्रातील तरुणांच्या अनेक पिढ्या पाहिल्या. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेली ‘भारत जोडो’ सायकल यात्रा सोमनाथने तयार केलेल्या वातावरणातूनच शक्य झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे १९९० मध्ये बाबा नर्मदेच्या काठी कसरावदला राहावयास गेले, तरी छावणीची परंपरा तुटली नाही. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यानंतरही ती चालू राहिली. याचे श्रेय आमटे कुटुंबाच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीला आणि आनंदवनातील अनाम सहकाऱ्यांना निःसंशय द्यावयास हवे.

परंतु श्रेय देऊन झाल्यावर एक प्रश्न उरतोच. ज्या छावणीने अर्धशतकाहून अधिक काळ तरुण घडवले, तिची धुरा वाहण्यासाठी त्याच तरुणांपैकी किती जणांना आपण वर्षभर तेथे राहणे परवडेल असे केले? छावणीतून भारावून परतलेला मुलगा जूनमध्ये निकालाच्या आणि नोकरीच्या चिंतेत सापडतो. त्याला पुन्हा सोमनाथला यावेसे वाटले, तरी कोणत्या आधारावर यावे याचे उत्तर त्याच्या घरच्यांना मिळत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला तर ते मुळीच मिळत नाही. मग नेतृत्व एक तर संस्थापकांच्या घराण्यातून येते किंवा ज्यांची पोटापाण्याची सोय आधीच झालेली आहे अशा निवृत्त मंडळींकडून येते. दोघांचीही निष्ठा वादातीत असेल. पण पंचविशीतल्या शिबिरार्थ्यांना पंचविशीतलाच मार्गदर्शक लागतो, ही गोष्ट शिबिरात आठवडा काढलेल्या कोणालाही ठाऊक असते.

ज्या संघटनांनी हा प्रश्न वेळीच ओळखला, त्यांची शिबिरे टिकली. नागपूरकरांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण संघाचे आहे. त्याच्या विचारसरणीशी प्रस्तुत लेखकाची सहमती आहे की नाही, हा येथे मुद्दाच नव्हे. पूर्वी तृतीय वर्ष म्हणून ओळखला जाणारा आणि २०२४ पासून ‘कार्यकर्ता विकास वर्ग’ या नावाने भरणारा त्यांचा वर्ग पंचवीस दिवसांचा असतो, आणि तेथे येणारा स्वतःचे शुल्क व प्रवासखर्च स्वतः करतो. संघटनेचा वर्षाचा खर्च गुरुदक्षिणेतून भागतो. ही पद्धत १९२८ पासून चालत आलेली आहे. पूर्णवेळ प्रचारकाच्या निर्वाहाची जबाबदारीही संघटनेने स्वतःकडे घेतलेली आहे. म्हणजे शिबिरार्थी, वर्गणीदार आणि कार्यकर्ता ही एकाच माणसाची तीन रूपे झाली. समाजवादी आणि सर्वोदयी परंपरेतील शिबिरांनी तितकीच, किंबहुना काही काळ अधिकच, चांगली माणसे तयार केली; पण त्यांच्या चरितार्थाची अशी व्यवस्था तेथे लागली नाही. त्या परंपरेची पीछेहाट केवळ राजकीय कारणांनी झाली असे मानणाऱ्यांनी हा जमाखर्चही एकदा पाहावा.

त्या परंपरेला ही उणीव जाणवली नव्हती असेही नाही. १९८० च्या दशकात डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले प्रभृतींनी सामाजिक कृतज्ञता निधीची कल्पना मांडली. ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग महाराष्ट्रभर करून पैसा उभा केला गेला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची सोय झाली. इमारत बांधायची नाही, माणूस जगवायचा, असे स्पष्ट सांगून महाराष्ट्राकडे मागितलेला आणि महाराष्ट्राने दिलेला हा पैसा होता. त्याही आधी, १९०५ मध्ये, नामदार गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा आजीव सदस्यांच्या साध्या निर्वाहाची तरतूद संस्थेनेच केली होती. तेव्हा वेतनाने सेवा बाटते, ही समजूत आपल्या परंपरेतली आहे असे कोणी सांगू नये.

सरकारी शिबिरांचे चित्र वेगळे नाही. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. शंभर स्वयंसेवकांच्या प्रत्येक पथकाने आपल्यापैकी पन्नास जणांचे सात दिवसांचे विशेष शिबिर एखाद्या खेड्यात घ्यावे, अशी तिची रचना आहे. २००९ नंतर कित्येक वर्षे या शिबिरासाठी माणशी ४५० रुपये मिळत. म्हणजे दिवसाला चौसष्ट रुपये, त्यात दोन वेळचे जेवण, चहा, प्रवास, फावडी-टोपल्या सर्व आले. दर पुढेमागे वाढतात, तरी ते भाजीबाजाराच्या मागेच चालतात. याहून मोठी अडचण नेतृत्वाची आहे. कार्यक्रम अधिकाऱ्याचे काम बहुधा नव्याने लागलेल्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. तो वर्गातील तास सांभाळून ते करतो, आणि त्याला त्याची गोडी लागेपर्यंत ते काम दुसऱ्याकडे गेलेले असते.

‘निर्माण’ची रचना याच्या उलट आहे, म्हणून ती अभ्यासण्यासारखी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत २००६ मध्ये तरुणांसाठी हा उपक्रम सुरू केला. एकाच तुकडीला काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा बोलवायचे, मधल्या काळात तिच्याशी संपर्क ठेवायचा, आणि ज्यांना एखाद्या सामाजिक प्रश्नावर प्रत्यक्ष काम करून पाहायचे आहे त्यांना पाठ्यवृत्ती देऊन उभे करायचे, अशी ही पद्धत आहे. येथे शिबिर ही सुरुवात मानलेली आहे. अशा कामात दरडोई खर्च अधिक येतो, हे ओघानेच आले. आणि नेमका हाच खर्च देणगीदाराला समजावून सांगणे सर्वांत अवघड असते.

परदेशातील एका समाजाने हे अवघड काम कसे केले, ते पाहणे उद्बोधक ठरेल. आपल्या कोकणातील बेने इस्रायलींमुळे ज्यू समाज मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. अमेरिकेतील ज्यूंमध्ये मुलांना उन्हाळ्यात काही आठवडे मुक्कामाच्या शिबिरात पाठवण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे. १९९० च्या एका पाहणीत समाजाबाहेर होणाऱ्या विवाहांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचल्याचे दिसले, आणि पुढची पिढी आपली राहील काय, या चिंतेने तो समाज हादरला. ती चिंता योग्य होती की नव्हती हा त्यांचा प्रश्न. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्या चिंतेतून पैसा आला तो केवळ तंबूंसाठी आणि तलावांसाठी आला नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘फाउंडेशन फॉर ज्युइश कॅम्प’ने प्रथमच शिबिराला येणाऱ्या मुलांना अर्थसाहाय्य दिले, तसेच शिबिरसंचालक व तरुण गटप्रमुख यांच्या प्रशिक्षणावरही खर्च केला. मॅसॅच्युसेट्समधील हॅरॉल्ड ग्रिन्स्पून या व्यावसायिकाच्या प्रतिष्ठानाने आणखी एक पाऊल टाकले. शिबिरांच्या विश्वस्त मंडळांना निधी कसा मागावा याचे मार्गदर्शन दिले, आणि तुम्ही स्वतः काही जमवाल तर त्याला जोड म्हणून आम्ही देऊ, अशी अट घातली. अशा अटीमुळे संस्थेला आपल्या जुन्या शिबिरार्थ्यांकडे जावेच लागते. तेथील गटप्रमुख हा बहुधा काल-परवाचा शिबिरार्थीच असतो आणि त्याला त्याच्या कामाचा मोबदला मिळतो. अर्थात तेथील शुल्क डॉलरांच्या हजारांत असते आणि आपल्या खेड्यातील पालकाची त्याच्याशी तुलना करणे हास्यास्पद ठरेल. घेण्यासारखी आहे ती शिबिरार्थ्याला पुढचा मार्गदर्शक आणि त्यापुढचा देणगीदार मानण्याची दृष्टी.

आपले कायदे मात्र या दृष्टीच्या आड येतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे भाग पाडले. या खर्चात प्रशासकीय भाग पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा नियम आहे. तो वास्तविक कंपनीच्या स्वतःच्या कारभारापुरता आहे, पण संस्थेच्या दारी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ ‘पगाराला पैसे मागू नका’ असा होतो. परदेशी देणग्यांच्या बाबतीत २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. लहान देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणारी सूट २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत मिळत नाही. विश्वस्त बदलावयाचे तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करून वाट पाहावी लागते, आणि म्हणून पुष्कळ संस्था ते बदलण्याच्या भानगडीतच पडत नाहीत.

तेव्हा मोठ्या देणगीदाराकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. कायम निधी उभारून त्याच्या व्याजावर चालावे, हा सल्ला नेहमी दिला जातो. पण आज ठेवीवर सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला पन्नास लाखांसाठी सात कोटींहून अधिक मुद्दल लागते, आणि महागाई ते दरवर्षी कुरतडत राहते. याउलट एखाद्या संस्थेच्या पाच हजार जुन्या शिबिरार्थ्यांनी वर्षाला प्रत्येकी एक हजार रुपये दिले, तर तेवढेच पन्नास लाख होतात. त्यात बारा कार्यकर्त्यांना दरमहा सुमारे पस्तीस हजार देता येतील. पस्तीस हजारांत कोणी श्रीमंत होत नाही, पण घरच्यांना तोंड दाखवता येते. शिवाय वर्षाला हजार रुपये देणारा माणूस वर्षाला एक प्रश्नही विचारतो. विश्वस्त मंडळावर चाळिशीच्या आतील दोन-तीन जुने शिबिरार्थी घ्यावेत, हा आग्रह त्याच्याकडूनच धरला जाईल. मंडळ आपण होऊन तो धरण्याची शक्यता कमी.

यासाठी पाच हजार माणसे कोठे आहेत ते ठाऊक असावे लागते, आणि येथे आपल्या बहुतेक संस्था रिकाम्या हाताने उभ्या आहेत. शिबिराच्या पहिल्या दिवशी नाव आणि रक्तगट लिहून घेतला जातो. समारोपानंतर ते कागद कोणाच्या तरी कपाटात जातात. यंदाच्या मे महिन्यापासून प्रत्येक शिबिरार्थ्याचा कायमचा पत्ता, शिक्षण आणि दूरध्वनी नोंदवून दर दिवाळीला त्याला एक पत्र पाठवण्याचे काम कोणत्याही संस्थेला एका जाड वहीच्या आणि टपालाच्या खर्चात सुरू करता येईल.