घरी आलेली नोटीस

माझं मराठी कॉन्व्हेंटवालं, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं. हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर ज्यांनी वाचायला हवा त्या आई-बाबांपर्यंत पोचलाच नसता, म्हणून हा खटाटोप.

गेल्या वर्षी ऐन सबमिशनच्या आठवड्यात आमच्याकडे पोस्टाने एक जाड पाकीट आलं. वर वकिलाचं नाव, खाली शिक्का, मधे तीन पानं इंग्लिश. घरात फाडफाड इंग्लिश येणारी मी एकटीच. बाबा म्हणाले, "वाच आणि सांग." वाचता आलं हो, सांगता काहीच येईना! कळलं ते एवढंच, की दादाच्या क्रेडिट कार्डाचे ८७ हजार थकलेत, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई करू. आईने 'फौजदारी' एवढंच ऐकलं आणि देवापुढे जाऊन बसली. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. दादाची नोकरी गेल्याचं माहीत होतं, कार्डाचं नाही. आधीची पत्रं त्याच्या गादीखाली सापडली, न फोडलेली.

बँकेचा राग आलाच, पण त्या बंद पाकिटांचा जास्त आला.

शेवटी मीच दादाला ओढत खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकूंकडे नेलं. त्यांनी आधी चहा दिला, मग सांगितलं की वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे. समन्स आलं आणि आपण गेलोच नाही, तर निकाल एकतर्फी लागतो, आणि मग पगारावर जप्ती येऊ शकते. कार्डाची थकबाकी हा मुळात दिवाणी मामला. दिलेला चेक बाऊन्स झाला किंवा फसवणूक केली तर गोष्ट वेगळी. नुसती ऐपत नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलंय. (आई तेव्हा देवापुढून उठली!) दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, पण ती संपण्याआधी थोडे पैसे भरले किंवा कर्ज लेखी कबूल केलं, की नव्याने मोजली जाते. दादाने शेवटचा हप्ता चौदा महिन्यांपूर्वी भरला होता. म्हणजे दावा लावायला बँक मोकळी होती.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो ते. दादा कित्येक महिने इमानदारीत 'मिनिमम ड्यू' भरत होता. समजा ४० हजार बाकी आहे. पाच टक्के मिनिमम म्हणजे २००० भरले. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. उरले किती? ३४८! मुद्दल कमी झालं फक्त तेवढंच. वर नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. एम-थ्रीला लाप्लास ट्रान्सफॉर्म करणाऱ्या आम्हा लोकांनी हे गणित एकदाही मांडून पाहिलेलं नसतं. दादाही इंजिनिअरच आहे.

वसुलीवाले शेजारच्या काकूंनाही फोन करायचे, रात्री नऊला सुद्धा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, घरच्यांना-मित्रांना छळू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावलंय. आम्ही तारखा-वेळा लिहून बँकेकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तशी वेळ आली नाही, फोन थांबले.

नोटिशीला काकूंनी उत्तर धाडलं आणि पूर्ण हिशेब मागितला. लेट फी वगैरे धरून आकडा कसा फुगला ते तेव्हा दिसलं. मग लोकअदालतीत तडजोड झाली, ५२ हजार, चार हप्त्यांत. तिथे कोर्ट फी नसते, पण निवाड्यावर अपीलही नसतं, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचायची. यावेळी मी वाचली आणि बाबांना मराठीत सांगितलीसुद्धा. 'सेटल्ड' हा शेरा दादाच्या क्रेडिट रिपोर्टवर राहणार आहे, घराचं कर्ज काढताना तो नडेल. त्याला ते मान्य आहे.

शेवटचा हप्ता डिसेंबरमध्ये गेला. बँकेचं 'नो ड्यूज' पत्र बाबांनी लाइट बिलांच्या फायलीत लावलंय. आणि हल्ली दादाच्या नावाचं कुठलंही पाकीट आलं की आई ते आधी फोडते, मग त्याला देते. तो कुरकुरतो थोडा..