वाड्याचा चौक

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात घुमटाखाली कोरीव लाकडी कमानी दृष्टीस पडतात. त्या मूळच्या नाशिकच्या. वास्तुशिल्पज्ञ जॉर्ज विटेट यांनी नाशिकमधील एका जुन्या वाड्याचे हे लाकूडकाम आपल्या नव्या इमारतीत बसविले. ही इमारत १९१४ साली पूर्ण झाली. विटेट यांची दृष्टी तेथवर पोचली नसती, तर त्या कमानी एखाद्या बंबाखाली जळूनही गेल्या असत्या!

परंतु एवढ्याने वाडा वाचला, असे म्हणता येईल काय? वाड्याचा प्राण त्याच्या चौकात असतो. रस्त्यावरचा गलबला मागे टाकून दिंडीदरवाजातून आत यावे, देवडीतला गारवा अंगाला लागावा, आणि दोन पावलांवर एकदम आकाश उघडे व्हावे. मध्ये तुळशीवृंदावन, भोवती ओसरीची सावली. खांब गाडीत घालून मुंबईला नेता येतात. चौकातले ऊन नेता येत नाही.

मग नव्या इमारतीने जुन्याकडून घ्यावे तरी काय? चीनमधील सुजौ हे नगर प्राचीन बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील बागेत फुलांच्या ताटव्यांपेक्षा पाणी, खडक, पांढरी भिंत आणि वळणाची वाट यांना मान अधिक. झरोक्यातून थोडेसेच दिसते. उरलेले पाहण्यासाठी पुढे चालावे लागते. जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञ आय. एम. पेई यांच्या घराण्याची येथे अशीच एक बाग होती व बालपणी सुटीत ते तेथे खेळत. उतारवयात याच नगरात त्यांनी वस्तुसंग्रहालय उभारले. ते २००६ साली खुले झाले. त्यात पोलाद आहे, काच आहे. जुन्या कौलारू छपरांची नक्कल मात्र नाही. तरीही मध्यभागी तळे आहे, आणि शेजारच्या जुन्या बागेला लागून असलेल्या पांढऱ्या भिंतीपुढे पातळ कापलेले खडक असे मांडले आहेत, की लांबून कागदावर डोंगर रेखाटल्याचा भास व्हावा. पेईंनी बागेचे अवयव उचलले नाहीत, तिची रीत उचलली.

नाशिकला ही रीत परकी नाही. गोदाकाठचा पेशवेकालीन सरकारवाडा अजून उभा आहे. त्याच्या किती पायऱ्या बुडाल्या, यावरून नाशिककर पुराचे मान सांगतात. उद्या येथे नवे संग्रहालय बांधावयाचे झाल्यास दर्शनी भागावर सिमेंटची महिरप चिकटवून आत बंद दालने करणे सोपे, आणि बहुधा तेच होईल. भर वस्तीत चौकासाठी जागा मोकळी सोडणे कारभाऱ्यांना उधळपट्टी वाटते. पण तीन दालने पाहून पाय दुखू लागलेल्या मुलाला ओसरीवर घटकाभर टेकता आले, तर चौथ्या दालनात ते आपण होऊन शिरेल.

दर पावसाळ्यात शहरातला एखादा जुना वाडा कोसळल्याची वार्ता येते. जे उरले आहेत, त्यांच्या चौकांची लांबीरुंदी, ओसरीची उंची आणि दुपारी ऊन कोठवर येते, हे तरी कोणी आजच मोजून लिहून ठेवावे.