मानेवरची गाठ ओढणीआड लपवू नका

मानेला गाठ आली की आपल्या घरांत ती आधी ओढणीआड जाते. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर अम्मीच बजावते, "कुणाला सांगू नकोस." मग लेप, शेक, ताविज यांत तीन-चार महिने निघून जातात. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

मानेवरची प्रत्येक सूज घाबरण्यासारखी नसते. घसा आला, दात किडला, डोक्यात फोड झाले की मानेतल्या ग्रंथी सुजतात. मूळ दुखणे गेले की त्या बहुधा बसतात. मुलांच्या कानाखाली सूज आली, चावताना दुखले, तर ते गालगुंड असू शकते. गळ्याच्या पुढे, घोट गिळताना वर-खाली होणारी गाठ बहुधा थायरॉईडची असते. ती बायकांत जास्त आढळते.

मात्र दोन आठवड्यांनंतरही गाठ राहिली तर थांबू नका. गाठ दुखत नाही, एकाला एक चिकटून दोन-तीन झाल्या आहेत, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते, अशा वेळी क्षयाची शंका घ्यावी. जुनी माणसे हिलाच गंडमाळ म्हणत. तंबाखू, गुटखा, मिशरीची सवय असलेल्यांनी कडक गाठीकडे कर्करोगाच्या दृष्टीनेही पाहून घ्यावे. श्वास किंवा गिळणे अडत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बारीक सुईने गाठीतला अंश काढून तपासतात. सुई लावल्याने आजार पसरत नाही. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि साधारण सहा महिने घ्यावे लागते. सुरुवातीला गाठ थोडी वाढली तरी गोळ्या सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. फुफ्फुसात क्षय नसेल तर हा आजार दुसऱ्याला लागत नाही. म्हणून मुलीचे ताट-वाटी वेगळे काढून तिचे मन दुखवू नका. रमजानमध्येही डोस चुकवू नये. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे.

भगिनींनो, उपचाराविना गंडमाळ फुटते आणि मानेवर कायमचा व्रण राहतो. जे झाकायला गेलो, तेच मग जन्मभर दिसते. दुआ जरूर करा, पण दवाही घ्या. इलाज करून घेणे ही प्यारे नबी (स.) यांचीच शिकवण आहे.