सायकलीला पाटाची वाट द्या

जळगाव-धुळे महामार्गावर सायकल चालवणे म्हणजे ट्रकचा धूर ओढणे. व्यायामात श्वास खोल, जलद होतो. धूरही तेवढाच जास्त आत जातो. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो करायचा कुठे? फ्रान्समधील बर्गंडीत द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांजवळून, कालव्याकाठी मोटारींना बंदी असलेले सायकलमार्ग आहेत. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्याकडे केळीच्या पट्ट्यातून जाणारा हतनूरचा पाट आहे. पाणी संथ वाहावे म्हणून पाटाला उतार अगदी थोडा असतो. त्यामुळे काठची वाट गुडघ्यांनाही सोसते. शेतकऱ्यांची ये-जा राहू द्यावी, डंपर रोखावेत आणि बाहेरच्या कडेला निंब लावावेत. खानदेशच्या उन्हात सावलीशिवाय ही वाट कुणी धरणार नाही.