विश्लेषण : घरी बनवलेला लढाऊ रोबो, शस्त्राआधी चाकांकडे का पाहावे?

पवईच्या आयआयटीत डिसेंबरात टेकफेस्ट भरला की ‘रोबोवॉर्स’च्या पिंजऱ्याभोवती मोठी गर्दी होते. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक भिंतीआड ठिणग्या उडतात, एखादा रोबो उलटा पडून हवेतच चाके फिरवत राहतो आणि शेकडो मोबाइल वर होतात. हे पाहून घरी गेलेला विद्यार्थी वहीत सर्वात आधी शस्त्र काढतो. चूक इथूनच सुरू होते.

लढत साधारण तीन मिनिटांची. रोबो जागचा हलेनासा झाला की अनेक स्पर्धांत दहापर्यंत मोजतात आणि खेळ संपतो. शस्त्र बंद पडले तरी चालणारा रोबो ढकलत, अडवत लढू शकतो. चाके थांबली की सगळेच थांबले. नवख्यांचा रोबो कितीदा तरी समोरच्याच्या ताकदीने हरत नाही. हादऱ्याने निसटलेला कनेक्टर, सैल झालेला स्क्रू किंवा जळालेला ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) त्याला घरी पाठवतो. थ्रेडलॉकची छोटी बाटली आणि नीट केलेले सोल्डरिंग यांचे रील होत नाही, एवढेच.

शस्त्रात ऊर्जा किती?

पाच किलोची, 15 सेंटीमीटर त्रिज्येची पोलादी चकती मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर तिच्यात सुमारे 11 हजार जूल ऊर्जा साठते. 60 किलोचे पोते सहाव्या मजल्यावरून खाली टाकल्यासारखे हे झाले. चकतीच्या कडेचा वेग ताशी 340 किलोमीटरच्या आसपास जातो. असे यंत्र हॉस्टेलच्या गच्चीवर, मधे प्लायवूड उभे करून ‘टेस्ट’ करणे म्हणजे निव्वळ जुगार आहे.

म्हणून पहिला रोबो 60 किलोचा नसावाच. तीन पौंडांच्या, म्हणजे 1.36 किलोच्या ‘बीटलवेट’ गटात मोटर, बॅटरी, रेडिओ सगळे तेच शिकायला मिळते. मोडले तर दुरुस्ती घरच्या टेबलावर होते. मोठ्या रोबोचे लेझर कटिंग, वेल्डिंग वर्कशॉपवाला करतो आणि विद्यार्थी बिल भरतो. त्यात शिकला कोण? अर्थात लहान म्हणजे खेळणे नव्हे. 200 ग्रॅमची चकतीही बोट तोडू शकते.

खरा धोका बॅगेत

लढतीपेक्षा जास्त काळजी लिपो बॅटरीची हवी. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 व्होल्टचा असतो. त्यापुढे चार्ज केला, टोचला किंवा शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो. फुगलेली बॅटरी ‘अजून एक लढत काढेल’ म्हणून वापरू नये आणि रात्री गादीशेजारी चार्जिंगला लावून झोपू नये. बॅलन्स चार्जर, न जळणारी बॅग आणि जवळ वाळूची बादली हा खर्च आधी धरावा. कॉलेजे ट्रॉफीसोबत फोटो काढतात, तर चाचणीसाठी एक बंदिस्त पिंजरा आणि चार्जिंगची वेगळी जागा देणे हीही त्यांचीच जबाबदारी आहे.

ते होईपर्यंत निदान बाहेरून उपसता येईल अशी पॉवर लिंक प्रत्येक रोबोला असावी आणि रिमोट बंद पडताच शस्त्र थांबते का, हे चकती न बसवता तपासावे. लिंक लावायची ती रोबो पिंजऱ्यात ठेवल्यावरच. लढत संपल्यावर चकती पूर्ण थांबेपर्यंत दार उघडायचे नाही, मग प्रेक्षकांनी कितीही शिट्ट्या मारल्या तरी.