पोळ्यानंतरचा बैल

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. अमावास्येला झूल, बाशिंग, पुरणपोळी. मानेवर जू नाही. वर्षभर राबणाऱ्या मुक्या प्राण्यापुढे नतमस्तक होणारा हा सण आपल्या संस्कृतीचे भूषण आहे. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या दिवसांचा.

पतंजलींनी यमांमध्ये अहिंसेला प्रथम स्थान दिले. व्यासभाष्यातील तिचे विवेचन फार मार्मिक आहे. कोळी केवळ मासेच मारतो, इतर कुणाला नाही. कुणी तीर्थक्षेत्री हिंसा करीत नाही, कुणी चतुर्दशीला. ही सारी अहिंसाच, पण कुंपण घातलेली! जाती, देश, काल आणि प्रसंग यांची ही कुंपणे गळून पडतात, तेव्हाच ती 'महाव्रत' होते. या कसोटीवर आपली पोळ्याची भक्ती एका दिवसापुरती ठरते आणि गोभक्ती एका जातीपुरती. आपल्या चहातले दूध पुष्कळदा म्हशीचे असते. तिच्या नर रेडकाचे पुढे काय होते, हे आपण कधी विचारतो काय?

महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याने गायीला अभय दिले, बैलाला नाही. विनोबांच्या प्रेरणेने देवनार कत्तलखान्यासमोर ११ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सत्याग्रह बैलासाठीही होता. विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेली दुरुस्ती अखेर मार्च २०१५ मध्ये अमलात आली आणि बैल, वळू यांनाही संरक्षण लाभले. वीस वर्षांची ती प्रतीक्षा सार्थकी लागली, याचा आनंद आहेच.

परंतु कायदा सुरी थांबवतो, वैरण घालत नाही. नांगराला ट्रॅक्टर आला. थकलेला बैल विकता येत नाही आणि पोसणे परवडत नाही. २०१२ च्या पशुगणनेत राज्यातील गोवंश सुमारे १ कोटी ५५ लाख होता. २०१९ मध्ये तो १ कोटी ४० लाखांवर आला. कारणे अनेक असतील, पण दावणी रिकाम्या होत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने देशी गायीला 'राज्यमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदान ठरवले. पाऊल स्तुत्यच, मात्र कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारातील म्हाताऱ्या बैलापर्यंत ते पोहोचत नाही. त्या शेतकऱ्याला शहरातील सभागृहातून गोरक्षणाचे पाठ देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पुण्य सर्वांचे आणि खर्च त्या एकट्याचा, ही वाटणी धर्माला धरून नाही.

फाल्गुनात रब्बी ज्वारी निघाली की कडबा त्यातल्या त्यात स्वस्त असतो; वैशाखात त्याचा भाव गगनाला भिडतो. शहरातील दहा कुटुंबांनी मिळून त्याच वेळी कडबा विकत घेतला आणि ओळखीच्या एखाद्या गावात गंजी रचून ठेवला, तर दोन-चार म्हाताऱ्या बैलांचा उन्हाळा निभावेल. यासाठी ना मोर्चा लागतो, ना निवेदन. यंदाच्या पोळ्याला बैलाच्या मातीच्या मूर्तीची पूजा करताना ही वर्गणी गोळा करायला काय हरकत आहे?