इंजिन बाहेर काढायची एवढी घाई कशाला?

तर मंडळी, आमच्या ट्रकचा कॅमशाफ्ट गेला. (इथे अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात, टाटा-लेलँड डोळ्यांसमोर आणू नका.) १९८४ ची शेवरोले, ३५० क्यूबिक इंचाचं व्ही-८ इंजिन. कार्बोरेटरमधून उलटी फटफट सुरू झाली. वरचं झाकण उघडून पाहिलं, तर एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा रॉकर बाकीच्यांच्या निम्माही हलत नव्हता. म्हणजे कॅमचा तो उंचवटा झिजून सपाट. धुराला बाहेर जायला वाट नाही, मग इनटेक व्हॉल्व्ह उघडला की तो तिकडूनच परत येणार!

गॅरेजवाल्याने नीट बघायच्या आधीच निकाल दिला, "इंजिन बाहेर काढावं लागेल." ऑफिसातला मित्र म्हणाला, "एवढं उघडतोच आहेस तर अख्खं नवीनच टाक ना." च्यायला, हे वाक्य तर मी दर सोमवारी मीटिंगमध्ये ऐकतो. एक मोड्यूल बिघडलं की सगळं नव्याने लिहू या!

माझं म्हणणं एवढंच, की ही सावधगिरी नाही. हा न वाचण्याचा आळस आहे.

या घराण्याचं पहिलं इंजिन १९५५ साली आलं. त्यात कॅमशाफ्ट दोन रांगांच्या मधोमध, क्रँकच्या वर आडवा असतो आणि पुढच्या बाजूने सरळ बाहेर येतो. मग आड काय येतं? रेडिएटर आणि पुढची जाळी. ती काढा. मॅनिफोल्ड आणि डिस्ट्रिब्युटर काढा, रॉकर सैल करून पुशरॉड आणि १६ टॅपेट वरून उचला. फ्युएल पंप सोडा. क्रँकची पुली, बॅलन्सर, टायमिंगचं कव्हर, चेन. मग कॅमच्या तोंडाशी लांब बोल्ट लावायचे आणि त्यांनाच मूठ समजून हळूहळू ओढायचा. आतली बेअरिंग खरवडली की खेळ खलास, म्हणून हळूहळू. इंजिन आपल्या जागीच. क्रेन नको, गिअरबॉक्स सोडायला नको.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकच बाजू मांडतो. झिजलेलं लोखंड जातं कुठे? ऑइलमध्ये. कॅमची बेअरिंग गेली असतील किंवा क्रँकपर्यंत कीस पोचला असेल, तर गॅरेजवाला बरोबर आणि मी चूक. पण ते तपासता येतं ना! मी फिल्टर कापून पाहिला. बारीक कीस होता, पण बेअरिंगचे चकाकते कण नव्हते. गरम इंजिनवरही ऑइलचं प्रेशर ठीक होतं. पूर्ण खात्री? नाही. पण हा निर्णय पुराव्यावर होता, कंटाळ्यावर नाही.

आणि "जुनेच टॅपेट चालतील की" म्हणणाऱ्यांनाही माझा तेवढाच विरोध. सपाट टॅपेट जुन्या कॅमसोबत झिजून बसलेले असतात. नव्या कॅमला नवेच हवेत, नाहीतर तोही जाईल. पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर सोडायचं नाही, वीस-तीस मिनिटं २००० आरपीएमच्या वर ठेवायचं. ऑइलही जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं हवं, कारण आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. कमीत कमी उघडणं म्हणजे कमीत कमी करणं नव्हे.

दोन वीकेंड गेले, बोटांची सालं निघाली. "तुझ्या तासाचा रेट काय?" असं मित्राने विचारलंच. अरे, रेट मोजायचाच तर न बिघडलेली वस्तू उघडण्याचाही मोज की! प्रत्येक सुटा केलेला जोड म्हणजे उद्याची नवी गळती.

फटफट बंद झाली आहे. पाचशे मैलांनंतर पुन्हा फिल्टर कापणार आहे, कीस वाढलेला दिसला तर इंजिन बाहेर काढीन आणि गॅरेजवाल्याची माफीही मागीन.

तोवर सोमवारच्या मीटिंगमध्ये माझा एकच प्रश्न असेल : बिघडलंय काय, आणि नुसतं आड येतंय काय?